पटमोजणीची शाई

दार टिटवीनेच उघडलं, आणि चार जिने चढून आलेल्या बाईंनी हातातली जड पिशवी उंबऱ्यातच टेकवली.

वर्षभर हे दार आजोबा उघडत आले होते. आधी आतून खोकला यायचा, मग सपाता घासत यायच्या आणि मग कधीतरी कडी वाजायची. आज कडी आधी वाजली. समोर टिटवी एकाच कुबडीवर भार टाकून उभी होती. पायाचे पट्टे निघाले होते, दुसरी कुबडी कुठे दिसत नव्हती, आणि चेहऱ्यावरचा भाव असा, की दार उघडणं हे तिचं रोजचंच काम आहे. मागे आजोबा हात पुसत उभे होते. हसू दाबून दाबून त्यांचे गाल दुखायला आले असावेत.

सकाळीच डॉक्टरांनी सांगितलं होतं, की खुबा छान जुळला. या आठवड्यापासून शाळेत जायला हरकत नाही, फक्त जिना सावकाश उतरायचा आणि धावपळ करायची नाही. आजोबांनी हे आधी सांगितलं, मग पाणी देताना सांगितलं, आणि बाई बसल्यावर पुन्हा एकदा पहिल्यापासून सुरू केलं. टिटवीने त्यांना मध्येच तोडलं. ती सगळ्यांनाच मध्ये तोडायची. तिच्या आवाजावरूनच तर तिला टिटवी हे नाव पडलं होतं, आणि वर्षभर अंथरुणात पडूनही त्या आवाजाची धार जराही बोथट झाली नव्हती.

बाईंना आनंद झाला. अगदी मनापासून झाला. पण त्याच्या पाठोपाठ त्या मनात मुलं मोजायला लागल्या, आणि त्या मोजण्याची त्यांना लाज वाटली.

बाई शाळेच्या होत्या, पण शाळेत नसायच्या. आजारपणामुळे जी मुलं शाळेपर्यंत येऊ शकत नाहीत त्यांच्या घरी जाऊन शिकवायचं, हे त्यांचं काम. शाळेतली मुलं त्यांना ‘घरच्या बाई’ म्हणायची. वह्या, खडू, गोष्टींची पुस्तकं आणि एक घडीची पाटी एवढा संसार पिशवीत घेऊन त्या या जिन्यावरून त्या जिन्यावर फिरायच्या. हे काम टिकायला घरी शिकणारी किमान पाच मुलं लागत. तसा नियमच होता. पाच असली तर शाळेला त्यांच्यासाठी वेगळी शिक्षिका, आणि पाचाची चार झाली की ती जागा रद्द. मग त्या मुलांकडे शिक्षण कचेरीतून कुणीतरी, कधीतरी, जमेल तसं यायचं. बाईंच्या यादीत पाच मुलं होती. पाचवी टिटवी.

त्या दिवशीचा धडा झाला. बाईंनी गणितांचा कागद दिला तेव्हा टिटवीने नेहमीसारखा हात पुढेच ठेवला.

“अजून एक.”

“कागद खातेस की काय गं तू?” बाई म्हणाल्या, पण दुसरा कागद त्यांनी काढून ठेवलेलाच होता. गेले काही आठवडे टिटवी प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती मागायची. एक खराब होते, असं ती सांगायची. वर्षभर पलंगावर पडलेल्या पोरीने दोन कागद मागितले तर कोण नाही म्हणणार?

निघताना बाईंनी चपला घातल्या आणि टिटवीने मुद्द्याला हात घातला.

“गुरुवारी शाई आहे ना?”

गुरुवारी पटमोजणी होती. वर्षातून एकदा कचेरीची माणसं शाळाशाळांतून फिरत आणि त्या दिवशी जे मूल बाकावर दिसेल तेवढंच खरं धरत. त्या आकड्यावर शाळेला वर्षाचं अनुदान मिळे, शिक्षकांच्या जागा ठरत. पूर्वी काही शाळा त्या दिवसापुरती एकमेकींची मुलं उसनी आणायच्या. सकाळी इथे मोजलेलं पोर दुपारी पलीकडच्या शाळेत हजेरी द्यायचं. म्हणून मग मोजलेल्या प्रत्येक मुलाच्या बोटावर जांभळी शाई लावायची पद्धत आली. ती शाई आठवडाभर जात नसे आणि मुलं ती मिरवत फिरत. घरी शिकणाऱ्या मुलांना मात्र शाई लागत नसे. त्यांची मोजणी बाईंच्या सहीवर व्हायची.

“मला एकदाही लागलेली नाही,” टिटवी म्हणाली. “एकदा ताप होता आणि एकदा दवाखाना.”

“बघू,” बाई म्हणाल्या, आणि जिना उतरायला लागल्या.

मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, टेबलावर दोन्ही कोपरं टेकून बसले होते. बाईंनी डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं तसा त्यांचा चेहरा आधी उजळला आणि मग पडला. माणूस वाईट नव्हता. शाळेचं छप्पर गळत असो की एखाद्या पोराचा बूट फाटलेला असो, ते सगळं स्वतःच्या डोक्यावर घेऊन हिंडत. त्यामुळे त्यांच्या डोक्यावर फारसे केस उरले नव्हते.

“शुक्रवारी,” ते म्हणाले. “शुक्रवारी बोलवा तिला. फुलं देऊन घेऊ आत. एका दिवसाने काय बिघडतं?”

बाईंनी पिशवीतून पाच नावांची यादी काढून टेबलावर ठेवली.

“डॉक्टर म्हणाले, या आठवड्यापासून. शुक्रवार याच आठवड्यात येतो ना? मग आपण खोटं कुठे बोलतोय?”

हिशेब चोख होता. गुरुवारी टिटवी घरी राहिली की पाच मुलं होणार, बाईंची जागा वर्षभर टिकणार. कागदावर टिटवी वर्षभर घरी शिकेल आणि प्रत्यक्षात शाळेत बसेल. वर्गाच्या मोजणीत ती नसल्याने तिच्या नावाचं बाक येणार नाही, पण कुठेतरी खुर्ची टाकता येईल. सरांनी हे सगळं समजावून सांगितलं आणि शेवटी आवाज खाली आणून बाकीच्या चौघांचं काय होईल ते विचारलं. हे विचारायची गरज नव्हती. ते चौघे बाईंच्या डोळ्यांपुढून हलतच नव्हते. त्यातल्या एकाची हाडं इतकी ठिसूळ होती, की त्याला पान उलटायलाही बाई लागत, आणि तो आठवडाभर त्यांची वाट पाहायचा.

“बरं,” बाई म्हणाल्या. “शुक्रवारी.”

संध्याकाळी घरी त्यांनी हेच नवऱ्याला सांगितलं. तो मटार सोलत बसला होता. त्याची दुरुस्तीची दुकानदारी बसल्यापासून स्वयंपाकघर त्याच्या ताब्यात होतं आणि घर बाईंच्या पगारावर चालत होतं. त्यावरून दोघं एकमेकांना चिडवत, पण ते चिडवणं जपून असे.

“मग ठीकच झालं की,” तो म्हणाला. “तोंड का असं झालंय?”

“मुलीला सांगायचं मला आहे.”

बुधवारी त्यांनी सांगितलं. कारणही दिलं. गुरुवारी शाळेत फार गर्दी असते, धक्काबुक्की होते, वगैरे. टिटवी सहसा कुणाचं ऐकून घेत नसे. वाद घातल्याशिवाय ती औषधही घ्यायची नाही. पण त्या दिवशी तिने सगळं शेवटपर्यंत ऐकलं, मान हलवली आणि दोन कागद मागून घेतले. एवढ्या शांतपणे ती मानते याचं बाईंना आश्चर्य वाटायला हवं होतं. त्यांना सुटल्यासारखं वाटलं, आणि त्यांनी जास्त खोलात जायचं टाळलं.

गुरुवारी घरी शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला धडा द्यायचा आणि तिथेच बसून सही करायची, असा शिरस्ता होता. सहीच्या वर छापलेलं असे, की हे मूल आज शाळेत येऊ शकत नाही. बाईंनी टिटवीपासून सुरुवात करायची ठरवली, म्हणजे नको असलेलं काम आधी उरकेल. त्या सकाळी लवकरच इमारतीत शिरल्या आणि दुसरा जिना चढून वळल्या, तर दुसऱ्या मजल्याच्या चौकात टिटवी बसलेली.

अंगावर गणवेश होता. तो वर्षात आखूड झाला होता आणि आजोबांनी खालची दुमड उसवून लांब केला होता. दुमडीची जुनी रेघ गडद दिसत होती. दप्तर पाठीला, कुबडी मांडीवर. बसून, एकेक पायरी घसरत ती दोन मजले उतरली होती आणि आता बंद दाराशी वाकून, दाराखालच्या फटीतून गणितांचा कागद आत सरकवत होती. बाईंना पाहून ती सरळ झाली. आत कुणीतरी कागद ओढून घेतला.

“हे काय गं?”

“विसावा घेत होते.”

वरून कठड्यावर आजोबांचं डोकं आलं. गुडघ्यांमुळे त्यांना जिना उतरता येत नसे. टिटवीची आई पहाटेच लाँड्रीत जायची आणि बाप लांबच्या पल्ल्याची गाडी चालवायचा, तेव्हा कटात सामील असलेलं मोठं माणूस एवढं एकच होतं.

“मी तिला शुक्रवार म्हणून सांगितलं होतं, बाई,” आजोबा वरून म्हणाले. “तिला ऐकू आलं नसेल.” आणि डोकं आत गेलं.

बाई पायरीवर बसल्या. त्यांना राग यायला हवा होता, पण हसू येत होतं, आणि त्याखाली रडू. त्यांनी टिटवीला पुन्हा समजावलं. या वेळी गर्दीचं निमित्त न सांगता खरं सांगितलं. पाच मुलं, चार मुलं, जागा, बाकीचे चौघे, सगळं. नऊ वर्षांच्या पोरीला एवढं सांगावं का, हे त्यांना कळत नव्हतं, पण खोटं बोलून तर झालंच होतं. टिटवी ऐकत होती. कुबडीच्या रबरी टोकाने ती पायरीच्या कडेवर रेघा ओढत होती.

“म्हणजे तुम्ही लिहिणार, मी शाळेत येऊ शकत नाही.”

“हो.”

“बाई, पण मी घरी नाहीये,” टिटवी म्हणाली. “मी जिन्यात आहे.”

दोन दिवसांपूर्वी, सरांच्या टेबलापाशी उभं राहून ती सही करणं सोपं वाटलं होतं. आता ती मुलगी अर्धा जिना उतरून समोर बसली होती, घामाने कपाळावर केस चिकटलेले, आणि वर्षभर त्यांनीच तिला सांगितलं होतं की तू एक दिवस उतरशील. बाईंनी पिशवीतून सहीचा कागद काढला, दुमडला आणि पुन्हा आत ठेवला. मग त्या उठल्या, पिशवी खांद्यावर टाकली आणि हात पुढे केला.

“चल. घंटा व्हायच्या आत पोचायचं तर आता बसून चालणार नाही.”

टिटवीने त्यांचा हात धरला. उठताना तिने कुबडीने बंद दारावर दोनदा टकटक केलं, निरोप घेतल्यासारखं. बाईंनी ते पाहिलं, पण त्यांचं सगळं लक्ष पुढच्या पायऱ्यांकडे होतं.

वर्गात टिटवी शिरली तेव्हा जो गलका झाला तो मोजणीदार येईपर्यंत थांबला नाही. मोजणीदार एक तरुण मुलगी होती. पहिल्यांदाच या कामावर आली असावी, कारण शाई मुलांच्या बोटांपेक्षा तिच्याच हाताला जास्त लागली होती. पण कामात ती कडक होती. हजेरीत नाव आहे म्हणून तिने काही मानलं नाही. प्रत्येक मुलाकडे पाहायची, नाव विचारायची, मगच ब्रश बाटलीत बुडवायची. मोठे सर तिच्या मागून फिरत होते. टिटवीच्या बाकापाशी येताच ते जागच्या जागी थांबले आणि त्यांनी दारात उभ्या असलेल्या बाईंकडे पाहिलं. बाईंनी नजर चुकवली नाही.

टिटवीने नाव सांगितलं ते शेजारच्या वर्गातही ऐकू गेलं असेल. शाई लागली. तिने बोट डोळ्यांसमोर धरलं, उलटं केलं, फुंकर घातली.

“चार,” सर व्हरांड्यात येऊन म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. “बाई, तुम्ही स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतलात.”

“माहीत आहे.”

“चौघांच्या घरी कोण सांगणार?”

“मीच सांगेन. उरलेले धडे आज मीच देणार आहे ना?” बाई म्हणाल्या. पिशवी खांद्यावर सारून त्या जायला वळल्या. पुढचा रस्ता त्यांना माहीत होता. ठिसूळ हाडांच्या पोराकडे सगळ्यात शेवटी जायचं, म्हणजे त्याच्यापाशी जास्त वेळ बसता येईल, एवढं त्यांनी ठरवलं होतं. त्याच्या पुढचं काही सुचत नव्हतं.

तेवढ्यात वर्गातून टिटवीचा आवाज आला. ती मोजणीदाराकडे थोडी शाई मागत होती. कागदावर एक ठिपका द्या, म्हणत होती, एकीला दाखवायचा आहे. मोजणीदार म्हणाली की शाई अशी देता येत नाही. टिटवी म्हणाली, की मग तिला कशी कळणार? ती तर शाळेत येत नाही.

बाई परत आत आल्या.

“कुणाला दाखवायची आहे?”

“दुसऱ्या मजल्यावरचीला.”

आणि मग सगळं बाहेर आलं. डॉक्टरांनी पट्टे असतानाच, बसल्या बसल्या घसरत जिन्याचा सराव करायला सांगितल्यापासून टिटवी रोज दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरायची आणि तिथे दम खात बसायची. एकदा दाराच्या आत कुणीतरी पाढे म्हणताना तिला ऐकू आलं. पाढा चुकत होता. चुकीचा पाढा ऐकून गप्प बसणं टिटवीला शक्यच नव्हतं. तेव्हापासून बाईंनी शिकवलेलं सगळं ती दाराबाहेर बसून पुन्हा शिकवायची, आणि कागदाची दुसरी प्रत फटीतून आत जायची. आतली मुलगी सोडवलेला कागद तसाच परत करायची. तिने दार एकदाही उघडलं नव्हतं. एकमेकींना त्यांनी अजून पाहिलंही नव्हतं.

बाईंना ती मुलगी आठवली. कुलूपवाल्याची मुलगी. याच शाळेत होती. सकाळच्या रांगेत एकदा धाप लागून कोसळली, आणि मग माणसांची गर्दी म्हटलं की तिचा श्वासच अडकायला लागला. ती घराबाहेर पडेना. बापाने डॉक्टरांचा कागद आणून दिला होता, पण नुसत्या भीतीला आजार कसं म्हणायचं, या घोळात तो कागद पडून राहिला आणि फार दिवस गैरहजर म्हणून नाव पटावरून निघालं. बाईंनी तेव्हा त्या दारावर जाऊन पाहिलं होतं. दाराला साखळी होती. गावभर लोकांची कुलपं उघडत फिरणारा तो माणूस साखळीआडून म्हणाला, की ती नाही येणार, आणि दार लावून घेतलं. दुसऱ्यांदा गेल्या तेव्हा तेही उघडलं नाही. त्यानंतर टिटवीसाठी त्या वर्षभर त्याच दारावरून चढल्या आणि उतरल्या. एकदाही थांबल्या नाहीत. हे आठवून त्यांचे कान तापले.

“सर,” त्या म्हणाल्या, “पटावरून काढलेलं नाव आजच्या आज परत घेता येतं ना? घरी शिकणाऱ्यांत?”

सरांनी डोक्यावरून हात फिरवला. पालकाची सही हवी, कचेरी बंद व्हायच्या आत. आणि नव्याने घेतलेलं मूल असल्याने बाईंची सही पुरणार नाही, मोजणीदाराने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला हवं. शिवाय डॉक्टरांचा कागद. इथे ते अडखळले, कारण तो कुठे आहे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. ते आत गेले, खालचा खण ओढला आणि बराच वेळ वाकून राहिले. बाहेर आले तेव्हा कागद हातात होता. तो आजार म्हणायचा की नाही, याबद्दल ते आता काही बोलले नाहीत.

“कुलूपवाला बाजारात बसतो,” ते म्हणाले. “त्याला मी घेऊन येतो.” आणि स्कूटरची किल्ली शोधत निघालेसुद्धा.

मोजणीदार हे सगळं ऐकत उभी होती. तिने बाटलीचं झाकण लावलं.

“मी पाहिल्याशिवाय मोजत नाही,” ती म्हणाली. “आधीच सांगते.”

“नकाच मोजू.”

“आणि दार उघडलंच नाही तर?”

“तर चार लिहा,” बाई म्हणाल्या. “पण तुमचं काम उरकलं की चला.”

मोजणीदाराने आपल्या राहिलेल्या शाळा उरकल्या आणि बाईंनी आपले चार धडे. ठिसूळ हाडांच्या पोराने विचारलं, की आज तुम्ही सारख्या खिडकीबाहेर का बघताय, आणि बाईंनी त्याला खरं तेच सांगितलं. त्याने पुस्तक मिटायला लावलं. म्हणाला, जा मग, उशीर करू नका.

कचेरी बंद व्हायला फार वेळ उरला नव्हता तेव्हा दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात सगळे जमले. कुलूपवाल्याने सही केली होती, पण त्याच्या चेहऱ्यावर आशा दिसत नव्हती. हातातला किल्ल्यांचा जुडगा वाजू नये म्हणून त्याने मुठीत घट्ट धरला होता. ती अनोळखी आवाजाने घाबरते, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. आपण स्वतः दार उघडून आत जाऊ आणि तिला बाहेर आणू, असं तो म्हणाला तेव्हा बाईंनी त्याला हाताने थांबवलं. त्यांनी सरांना आणि कुलूपवाल्याला खालच्या वळणावर उभं केलं, जिथून दिसणार नाहीत. मोजणीदाराला पायरीवर बसायला सांगितलं. उभ्या माणसाची भीती जास्त वाटते, हे पलंगावरच्या मुलांकडून त्या शिकल्या होत्या. वर कठड्यावर आजोबांचं डोकं आलं, आणि बाईंनी त्यांच्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं.

मग त्या स्वतःही मागे सरल्या. पुढे टिटवी होती.

टिटवीने कुबडीने दोनदा टकटक केलं आणि दाराशी बसली. दिवसभराच्या शाळेने तिचा चेहरा ओढला होता, पाय सरळ करताना ती ओठ चावत होती.

“शाई लागली मला,” ती दाराला म्हणाली. जन्मात पहिल्यांदाच ती हळू बोलत असावी. “जांभळी आहे. थंड लागते आणि मग कोरडी होताना खेचल्यासारखं होतं. आज बाई आल्यात, आणि शाईवाली ताई पण आहे. ती खाली बसलीय. हातभर शाई लावून घेतलीय तिने.”

मोजणीदाराने आपल्या हातांकडे पाहिलं आणि ते मांडीवर उलटे ठेवले. सर खालच्या वळणावर खोकला दाबत होते. बाईंनी मनाशी ठरवून टाकलं, की आज नाही उघडलं तरी उद्या यायचं. जागा राहो न राहो, परवाही यायचं. या दारावरून आता नुसतं चढून जायचं नाही.

“कितीही धुतली तरी जात नाही,” टिटवी म्हणाली. “सगळ्या वर्गाला लागलीय. तू राहिलीस फक्त.”

कडी सरकली. दार साखळीच्या लांबीएवढं उघडलं आणि थांबलं. आत अंधार होता, आणि त्या अंधारात कुणीतरी खूप जपून श्वास घेत होतं. टिटवीने आपलं बोट फटीसमोर धरलं. ते बराच वेळ तिथे राहिलं. आतून कुणीतरी ते निरखत असावं.

मग फटीतून एक बोट बाहेर आलं. बारीक, स्वच्छ, नख अगदी कापलेलं. ते मागे गेलं नाही.

मोजणीदार पायरीवरून उठली नाही. बसल्या बसल्याच ती पुढे सरकली, दारापाशी आली आणि मान कलती करून आत पाहिलं. आतून एक डोळा तिच्याकडे पाहत होता.

“नाव सांगशील?” ती म्हणाली.

नाव आलं. इतकं हळू, की ते खालच्या वळणावर पोचायला नको होतं. पण किल्ल्यांचा जुडगा तिथे एकदम वाजला.

“दिसली,” मोजणीदार म्हणाली आणि ब्रश बाटलीत बुडवला. या खेपेला तिने एकही थेंब सांडला नाही.

बाईंनी पिशवी उघडली. गणितांचे कागद वर घेतले, त्यातला एक टिटवीसाठी बाजूला केला आणि दुसरा दाराआडच्या मुलीसाठी. मोजणीदाराने झाकण लावलं, सर हळूच एक पायरी वर आले. शाई वाळेपर्यंत हात हलवायचा नाही, असं टिटवीने आतल्या मुलीला आधीच सांगून ठेवलं होतं, आणि ते बोट कितीतरी वेळ दाराबाहेरच राहिलं.